हौदात राखलेला चुना

आमच्या चर्चच्या मोठ्या दारात उभं राहून सरळ समोर पाहिलं, तर वेदी किंचित डावीकडे दिसते. नवख्या माणसाला वाटतं, आपणच वाकडे उभे आहोत. तो एक पाऊल सरकतो, मग आणखी एक, आणि शेवटी खांबाला जाऊन टेकतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची तर इथे हटकून फजिती होते.

दोष तसा कुणाचाच नाही. सुरुवातीला बांधली ती फक्त वेदीकडची लहानशी खोली. भिंती जाडजूड दगडी, खिडक्या हातभर. पुढे माणसं वाढली तेव्हा नंतरच्या पिढीतल्या कारागिरांनी तिला लांब सभागृह जोडलं. त्यांनी दिशा धरली ती बाहेरच्या रस्त्यावरून, आणि रस्ता जरा तिरका होता. मग चर्चही जरा तिरकं झालं. त्यानंतर उजव्या हाताला घंटाघर आलं. डाव्या हाताला त्याचा जोडीदार मनोरा यायचा होता. त्याचा चौथरा झाला, एक मजला झाला आणि खालची जमीन खचायला लागली. काम थांबलं ते थांबलंच. त्या अर्ध्या मनोऱ्यावर कौलं घालून आत बाप्तिस्म्याची खोली केली. वर्गात उत्तर येत असलेलं मूल एक हात वर करून बसतं ना, तसं आमचं चर्च दुरून दिसतं.

हे मला गवंडीकाकांनी सांगितलं होतं, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती तेव्हा. पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी बाकीचे लोक निकाल विचारत होते, आणि काका वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीवर बोटाचं पेर आपटत उभे होते. "बाई, ही भिंत पोकळ झालीय," म्हणाले. "मुलीचं काय ते तिच्या आईला सांगा." काकू शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "यांना माणसापेक्षा भिंतीची तब्येत आधी कळते." खरंच, पुढच्याच महिन्यात तिथला गिलावा पडला.

काकांच्या घराण्याकडे चर्चच्या गिलाव्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. "आमच्या खानदानानं देवालाच चुना लावला," हा त्यांचा एकुलता एक विनोद, आणि तो ते प्रत्येक नव्या फादरना ऐकवायचे. आताचे फादर जरा तोडीस तोड निघाले. ते म्हणाले, "लावा, लावा. हिशेब वर होईल." काका त्यावर दोन दिवस खूश होते.

चुन्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. भट्टीतून निघालेला कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदतो, वाफ सोडतो, फुटतो आणि मऊ होतो. पण तेवढ्यावर तो भिंतीला लावायचा नसतो. हौदात, पाण्याखाली, तो वर्षभर तरी मुरू द्यावा लागतो. जितका जुना तितका गुणी. एक कणही कच्चा राहिला तर तो भिंतीत गेल्यावर कधीतरी फुगतो आणि वरचा गिलावा टवका होऊन उडतो. आणि हौदावरचं पाणी मात्र कधी आटू द्यायचं नाही. हवा लागली की चुन्याचा दगड होतो, आणि दगडाचा पुन्हा चुना होत नाही.

काकांच्या घरी रीत अशी होती की गिलावा पुरुषांचा आणि हौद बायकांचा. मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, जमिनीत खणलेला दगडी हौद आणि त्यावर जड फळ्यांचं झाकण. दुसरी रीत अशी की हौदाचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. जुना चुना संपत आला की थोडा राखायचा आणि त्यावर नवा ओतायचा, आपण दह्याचं विरजण राखतो तसा. म्हणजे काकूंनी भिजवलेल्या चुन्याखाली त्यांच्या सासूचा, त्याखाली तिच्या सासूचा, असं करत अगदी वेदीच्या पहिल्या खोलीला लागलेला चुना त्या हौदात कुठेतरी आहे, असं घरात मानत. खरं-खोटं कोण तपासणार. काकू म्हणायच्या, "लोकांच्या घरी दागिने असतात, आमच्या घरी चिखल."

बायकांकडे हौद का, याचं कारण अगदी साधं होतं. चुना बोटं खातो. गिलावा करणाऱ्या माणसाच्या बोटांची टोकं पन्नाशीपर्यंत गुळगुळीत आणि बधिर होतात. काका उकळत्या चहाचा पेला असा धरायचे, जसा आपण खडू धरतो. त्यांना गरम कळायचं नाही, टोचलेलं कळायचं नाही, आणि चुना पिकलाय की कच्चा आहे हेही कळायचं नाही. ते काम काकूंचं. हाताला तेल चोळून त्या चिमूटभर चुना उचलायच्या, कानाजवळ नेऊन अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घासायच्या. करकर ऐकू आली की कच्चा. मग झाकण लावून टाकायच्या, फादर असोत की कमिटीचे अध्यक्ष, दारात उभे असले तरी. "अजून बोलतोय तो," असं सांगायच्या. "गप्प झाला की या."

मुलीला मात्र त्यांनी हौदाकडे फिरकू दिलं नाही. एका घरात एकाचे हात गेले तेवढे पुरे, असं त्यांचं म्हणणं. मुलगी शिकली, औषधांच्या दुकानात कामाला लागली. पांढरा कोट घालून ती कामाला निघाली की काकू फाटकात उभ्या राहायच्या आणि कुणीही न विचारता सांगायच्या, "आमच्याकडे आता पांढरं कपड्यावर असतं, हातावर नाही."

काकू गेल्या त्या तीन-एक वर्षांपूर्वी. आजार फार लांबला नाही. प्रार्थना झाली, लोक भेटून गेले, मी पण गेले. काका उठून सगळ्यांना खुर्ची देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी वाईट अर्थाने म्हणत नाही. नुकताच गिलावा केलेल्या भिंतीवर जसं काही नसतं, तसं. मुलीने जेवायला वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर बसून राहायचे. एकदा ती दुकानातून उशिरा आली, तर ते अंधार होईपर्यंत रिकाम्या ताटासमोर तसेच बसले होते. भूक लागली नाही का, असं तिने विचारलं. लक्षात आलं नाही, म्हणाले.

त्याच दिवसांत बाप्तिस्म्याच्या खोलीतल्या भिंतीवरच्या गिलाव्याचा एक मोठा तुकडा खाली आला. रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा ठरलेला होता. घंटा वाजवणारा काकांचा जुना मित्र, तो घरी आला आणि म्हणाला, "चल रे. देवाला चुना लावायचाय." काका उठले. चपला घातल्या. अंगणातून जाताना हौदाजवळ थांबले, असं तो मित्र सांगतो, पण झाकणाला हात लावला नाही. रस्त्यावरच्या दुकानातून त्यांनी सिमेंटची गोणी घेतली, वाळू घेतली आणि दुपारभरात तो तुकडा भरून टाकला. थापी फिरवून असा गुळगुळीत केला की बाळाच्या आजीने विचारलं, ही संगमरवराची फरशी का लावली. सगळ्यांनी वाखाणणी केली. काका घरी येऊन झोपले.

आता यात काय चुकलं, ते त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. जुनी दगडी भिंत जमिनीतून पाणी पिते आणि चुन्यातून ते पाणी सोडते. सिमेंट ते सोडू देत नाही. अडलेलं पाणी वर चढतं, आणि त्याबरोबर क्षारही. वर्षभरात त्या गुळगुळीत तुकड्याच्या वरची, कधीही न बिघडलेली भिंत पांढरी भुकटी टाकू लागली. मग फुगली. मग खपल्या धरू लागली. दर शनिवारी झाडूवाली बाई ती भुकटी गोळा करायची, आणि पुढच्या शनिवारी तेवढीच पुन्हा असायची. काका रविवारी मिस्साला यायचे, मागच्या बाकावर बसायचे. तिथून बाप्तिस्म्याच्या खोलीचं दार दिसतं. ते बघत नसत असं नाही. बघत होते आणि त्यांना काही होत नव्हतं. किंवा होत असेल, मला दिसलं नाही.

अखेर कमिटीने एका इंजिनिअरबाईंना बोलावलं. जुन्या इमारतींचंच काम करणाऱ्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, खाली बसल्या, नखाने खरवडलं. मग विचारलं, हे सिमेंट कुणी लावलं. काका मागे उभे होते. "मी," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही, हे मला त्यांचं फार आवडलं.

त्यानंतर फादरच्या ऑफिसात बैठक झाली. कमिटीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं असं की एवढा खल कशाला, कमरेपर्यंत टाइल्स बसवून टाकू, पुसायला सोप्या. इंजिनिअरबाई म्हणाल्या, टाइल्स लावल्या तर पाणी आणखी वर चढेल. आधीच खचलेल्या जमिनीवरची भिंत ती, कोपरा सुटला तर मनोऱ्याचा उरलेला मजला उतरवावा लागेल. सिमेंट काढून, भिंत वाळवून, चुनाच लावायला हवा, आणि तोही चांगला मुरलेला. बाजारात मिळतो तो कोवळा. मग काकांकडे वळून त्या म्हणाल्या, तुमच्या घरी हौद आहे असं ऐकलं.

"होता," काका म्हणाले. "मेला तो."

गृहस्थ म्हणाले, चला, मग प्रश्नच मिटला. टाइल्सचे नमुने पुढच्या बैठकीत आणतो.

ही बैठक मला फादरनी सांगितली. मुलीलाही त्यांनीच सांगितली, औषधं घ्यायला गेले तेव्हा. ती संध्याकाळी माझ्याकडे आली. पांढरा कोट अंगावर तसाच. म्हणाली, "बाई, हौद मेलाय हे बाबांना कसं माहीत? आई गेल्यापासून त्यांनी झाकण उघडलेलंच नाही."

"आणि तू?"

तिने मान हलवली. आईने कधी जवळ जाऊ दिलं नाही, मग आई गेल्यावर पाणी घालायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. बाबा घालत असतील, असं वाटलं. आणि बाबांनी घातलं नाही. सुरुवातीला विसरले असतील, नंतर आठवलं असेल तेव्हा उशीर झाला असं वाटलं असेल, आणि मग ज्याला उशीर झालाय ते बघायला कोण जातं. शेवटी ती म्हणाली की सुट्टीच्या दिवशी सकाळी मी झाकण उघडणार, त्यांना आवडो न आवडो. तुम्ही याल का. झाकण जड आहे.

झाकण जड होतं हे खरं, पण ती मला त्यासाठी बोलवत नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी गेले तेव्हा काका ओट्यावर बसले होते. मुलीने त्यांना सांगितलं होतं. ते हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. फळ्या फुगून एकमेकींत रुतल्या होत्या. आम्ही दोघींनी एक कशीबशी उचलली आणि आत पाहिलं. पाणी नव्हतं. पांढरं, कोरडं, भेगा पडलेलं काहीतरी होतं, एखाद्या आटलेल्या तळ्यासारखं. मुलीने आत वाकून बोटाने टकटक केलं. दगडावर केल्यासारखा आवाज आला.

तिने बाबांकडे पाहिलं. काका ओट्यावरूनच म्हणाले, "सांगितलं होतं मी."

त्या आवाजात दुःख नव्हतं. एखादी बस गेली असं सांगावं, तसा तो होता. मुलगी तशीच हौदाच्या काठावर बसली. मला वाटलं ती रडेल, पण तीही बापाचीच. तिने दुसरी फळी सरकवली, तिसरी सरकवली, आणि मग पुन्हा टकटक करू लागली, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, मध्ये. काही शोधत नव्हती. हात थांबत नव्हता एवढंच.

काका उठले. चालत आले. तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा वाजव. तिथे नाही, मघाशी मध्ये वाजवलंस तिथे."

तिने वाजवलं. तिथला आवाज जरा बद्द आला.

त्यांनी छपराखालची पहार आणली. मी म्हटलं जपून, तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं जसं मी गणित शिकवताना त्यांनी मला जपून म्हटलं असावं. पहारेचं टोक मध्यावर ठेवून त्यांनी नुसतं वजन टाकलं. कडक थर चर्रकन फुटला. वीतभर जाड होता. तो उचलून बाजूला केला, तर खाली ओलं, चकचकीत, लोण्यासारखं पांढरं होतं. पहार त्यात आपोआप खाली गेली. वरच्या थरानेच झाकण धरलं होतं, खालचं पाणी त्याने जाऊ दिलं नव्हतं.

कोंबडीवाल्या शेजारणीने कुंपणावरून विचारलं, काय करताय हो. काका म्हणाले, हौद बघतोय. ती म्हणाली, बरं.

मग ते खाली वाकले आणि त्या चुन्यात हात घालून त्यांनी चिमूट उचलली. अंगठ्याने घासली. पुन्हा घासली. त्यांच्या चेहऱ्यावर तेच, काहीच नाही. हात पुसून ते म्हणाले, "मला कळत नाही. मला कधीच कळत नव्हतं."

मुलीने बाही वर सारली. आईने तिला कधी दाखवलं नव्हतं, पण घरात राहून पाहिलेलं असतंच की. तिने चिमूट उचलली, कानाशी नेली, घासली. मग तिने काय केलं, तर हात बाबांच्या कानाजवळ नेला आणि तिथे घासला.

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"नीट ऐका."

ते डोळे मिटून उभे राहिले. ती घासत राहिली. इतका वेळ, की तिची बोटं लाल झालेली मला दिसत होती.

"काही नाही," काका म्हणाले. "गप्प आहे."

मग त्यांनी डोळे उघडले, तिचा हात मनगटाला धरून उलटा केला आणि बोटांकडे पाहत राहिले. "तेल न लावताच हात घातलास," ते म्हणाले. "तुझ्या आईने पाहिलं असतं तर आपल्या दोघांचं काही खरं नव्हतं. जा, धुऊन ये. तिची बाटली फळीवर आहे. तिथेच आहे."

सिमेंट काकांनी स्वतः काढलं. छिन्नी जपून चालवावी लागली, कारण मागची जुनी भिंत भिजून पोह्यासारखी झाली होती. इंजिनिअरबाई येऊन पाहून जायच्या, आणि दोघं मिळून भिंतीवर तळहात ठेवून उभे राहायचे. काकांना थंडावा तळहाताला कळतो, बोटांना नाही. भिंत वाळायला फार दिवस लागले. तेवढ्या काळातले सगळे बाप्तिस्मे उघड्या दगडांसमोर झाले. टाइल्सवाल्या गृहस्थांच्या नातवाचाही झाला, आणि फोटोत मागे ते दगड छानच आले आहेत.

आता नवा गिलावा आहे. जवळून पाहिलं तर आधीच्यापेक्षा किंचित पिवळसर दिसतो. काका म्हणतात, येईल रंगावर. त्या पलीकडे त्याबद्दल ते बोलत नाहीत. तळ राखून हौदात नवा चुना भिजवला, तो मुलीने. पुढच्या वर्षीपर्यंत तो बोलत राहील.

काका पुन्हा पूर्वीसारखे झाले, असं मी लिहिणार नाही. ते झालेले नाहीत. देवाला चुना लावल्याचा विनोद त्यांनी अजून कुणाला ऐकवलेला नाही. अजून कुणी वाढलं तरच जेवतात. पण मिस्सा संपली की घरी जाऊन ते आधी हौदाकडे जातात, एक फळी सरकवतात, आत बघतात आणि पुन्हा लावतात. परवा मी तिथे होते. एवढं काय बघता दर वेळी, असं मी विचारलं.

"पाणी आहे का ते," ते म्हणाले.

होतं. आमची दोघांची डोकी त्यात दिसत होती.